मेनफ्रेमवरच्या सी प्रोग्रामसाठी स्वतःचं लोकेल: लाख-कोटी, तारीख आणि वेळ आपल्या रीतीनं

१२,३४,५६७.५० ही रक्कम नाशिकमधला कुठलाही हिशेबनीस एका नजरेत वाचतो. तीच रक्कम मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मध्यवर्ती संगणकाच्या, रिपोर्टात १,२३४,५६७.५० अशी छापून आली, की बोट उजवीकडून डावीकडे सरकायला लागतं: एकक, दहक, शतक... पिंपळगाव किंवा लासलगावच्या कांदा व्यवहारांचा गोषवारा असेल, तर पानभर अशा रकमा असतात. पन्नास लाख आणि पाच कोटी यांत गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात. रकमेत स्वल्पविराम घालणारं एक फंक्शन लिहितात आणि ते प्रत्येक प्रोग्राममध्ये चिकटवतात. मग एका प्रोग्राममध्ये ऋण रक्कम बिघडते, दुसऱ्यात कोटीच्या पुढचा स्वल्पविराम पडत नाही आणि तिसऱ्यात तारखेसाठी आणखी एक वेगळं फंक्शन सापडतं. हे सगळे नियम प्रोग्राममध्ये असूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्यांची जागा लोकेलमध्ये आहे, म्हणजे संख्या, पैसे, तारीख-वेळ कशी लिहायची हे प्रोग्रामबाहेर सांगणाऱ्या नियमसंचात. एकदा नीट लोकेल बांधलं, की प्रोग्रामला फक्त त्याचं नाव सांगायचं.

हा लेख आयबीएमच्या झेड-ओएस प्रणालीवर सी भाषेत काम करणाऱ्यांसाठी आहे. नाशिकमध्ये बसून परदेशातल्या मेनफ्रेमवर काम करणारे बरेच जण आहेत, त्यांना हा विषय कधी ना कधी लागतोच. कीवर्ड आणि आदेश इथे देवनागरीत दिले आहेत. मेनफ्रेमवर ते अर्थातच रोमन अक्षरांत लिहायचे. तुम्ही कोरी फाइल लिहिणार नाही, तयार फाइल बदलणार आहात. त्यामुळे हे सगळे शब्द तिथे डोळ्यांसमोर असतीलच.

लोकेलमध्ये काय काय असतं

लोकेलची मूळ फाइल ही साधी टेक्स्ट फाइल असते. तिचे विभाग पाडलेले असतात. एलसी_सीटाइप विभागात कोणतं अक्षर मोठं, कोणतं छोटं, अंक कोणते हे असतं. एलसी_कोलेट क्रमवारी ठरवतो, एलसी_न्यूमेरिक साध्या संख्यांचे नियम सांगतो, एलसी_मॉनेटरी पैशांचे, एलसी_टाइम तारीख-वेळेचे. एलसी_मेसेजेसमध्ये होकार-नकाराचे नमुने असतात. हे सहा विभाग पोझिक्स मानकातले आहेत. आयबीएमनं त्यांत दोनांची भर घातली आहे. एलसी_टीओडी टाइम झोनसाठी आहे, तर एलसी_सिंटॅक्स कोड पेजनुसार (कोणत्या अक्षराचा बाइट कोणता हे ठरवणाऱ्या तक्त्यानुसार) जागा बदलणाऱ्या चिन्हांसाठी.

प्रत्येक विभाग स्वतःच्या नावानं सुरू होतो आणि ‘एंड’ व पुन्हा तेच नाव लिहून संपतो. शेवटची ओळ चुकून पुसली गेली, तर पुढचा सगळा विभाग चुकीचा वाचला जातो आणि एरर भलत्याच ओळीची दाखवली जाते. एररच्या ओळीत काही चूक दिसत नसेल, तर आधी वरच्या विभागाची शेवटची ओळ बघा.

लोकेलच्या जोडीला चारमॅप लागतो. लोकेलच्या फाइलमध्ये अक्षरं थेट न लिहिता कोनी कंसांत नावानं लिहिलेली असतात: <कॉमा>, <पीरियड>, <स्पेस>. या नावाचा बाइट कोणता, हे चारमॅप सांगतो. सुरुवातीला हे किचकट वाटतं, पण मेनफ्रेमवर त्याची खरोखर गरज आहे. डावा चौकटी कंस आयबीएम-१०४७ या कोड पेजमध्ये हेक्स एडी आहे, आणि आयबीएम-०३७ मध्ये तोच कंस हेक्स बीए आहे. उजवा कंस एकात बीडी, दुसऱ्यात बीबी. नावानं लिहिलेली फाइल कुठल्याही चारमॅपबरोबर बांधता येते. थेट कंस टाइप केला, तर तो तुमच्या टर्मिनलच्या सेटिंगवर अवलंबून राहतो.

पाया निवडा

शून्यातून लोकेल लिहायला जाऊ नका. एलसी_सीटाइप आणि एलसी_कोलेट हे विभाग लांबलचक असतात, आणि त्यांत आपल्याला बदलण्यासारखं फारसं काही नसतं. तयार लोकेल घ्यायचं आणि हवं तेवढंच बदलायचं.

आयबीएमनं दिलेल्या लोकेलच्या मूळ फाइली सीईई.एससीईईएलओसीएक्स या डेटासेटमध्ये (मेनफ्रेमवरची फाइल, तिच्यातल्या प्रत्येक भागाला मेंबर म्हणतात) असतात आणि चारमॅप सीईई.एससीईईसीएमएपीमध्ये. तुमच्या साइटवर नावाचा टिंबाआधीचा भाग, म्हणजे पहिला क्वालिफायर, वेगळा असू शकतो, सिस्टीम प्रोग्रामरला विचारून घ्या. अमेरिकन इंग्रजी आणि आयबीएम-१०४७ या जोडीच्या मेंबरचं नाव ईडीसी$ईयूईवाय. आपल्या कामाला हाच पाया ठीक आहे. दशांश चिन्ह टिंबच आहे आणि विभाजक स्वल्पविरामच आहे. फक्त गट पाडण्याची पद्धत, चलन, तारीख आणि टाइम झोन बदलायचे आहेत.

हा मेंबर स्वतःच्या डेटासेटमध्ये कॉपी करा. नाव आठ अक्षरांच्या आतलं ठेवा, कारण पुढे लोड लायब्ररीतल्या (चालवायला तयार मॉड्यूल ठेवलेल्या डेटासेटमधल्या) मेंबरचं नावही तेच असणार आहे. या लेखात आपण ‘नाशिक’ हे नाव घेऊ. रोमनमध्ये सहा अक्षरं, सगळी कॅपिटल. शेलमधून कॉपी करत असाल, तर मेंबरच्या नावातल्या डॉलर चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्या. नाहीतर शेल त्याला व्हेरिएबल समजतं आणि ‘मेंबर सापडला नाही’ असं उत्तर येतं.

एडिटर आधी नीट लावा

आयएसपीएफ या मेनफ्रेमच्या एडिटरमध्ये फाइल उघडल्यावर पहिल्यांदा ‘कॅप्स ऑफ’ द्या. प्रोफाइलमध्ये कॅप्स चालू असेल, तर तुम्ही हात लावलेली प्रत्येक ओळ कॅपिटलमध्ये बदलते. कीवर्ड छोट्या अक्षरांतच हवे असतात, त्यामुळे फाइल चालेनाशी होते. त्यानंतर ‘नंबर ऑफ’. ओळींच्या शेवटी क्रमांक शिरले, तर तेही मजकूर म्हणून वाचले जातील.

फाइलच्या सुरुवातीला दोन ओळी दिसतील: एस्केप_चार आणि कॉमेंट_चार. आयबीएमच्या फाइलींत एस्केपसाठी सरळ तिरकी रेघ आणि टिपणीसाठी टक्केचिन्ह असतं. मानकात ठरलेली उलटी रेघ आणि हॅश ही चिन्हं ईबीसीडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षर-संकेत पद्धतीत, कोड पेजनुसार जागा बदलू शकतात, म्हणून ही सोय. या ओळींना हात लावू नका. तुमच्या टिपण्याही टक्केचिन्हानंच सुरू करा.

पैशांचा विभाग

इथे वेळ द्या, कारण बहुतेक लोक लोकेल बांधतात ते याच विभागासाठी. एलसी_मॉनेटरीमधल्या ओळी अशा करा:

इंट_कर_सिंबल — रोमनमध्ये ‘आयएनआर’ आणि पुढे एक <स्पेस>
करन्सी_सिंबल — रोमनमध्ये ‘आर’ आणि छोटा ‘एस’
मॉन_डेसिमल_पॉइंट — "<पीरियड>"
मॉन_थाउजंड्स_सेप — "<कॉमा>"
मॉन_ग्रुपिंग — ३;२
निगेटिव्ह_साइन — "<हायफन>"
इंट_फ्रॅक_डिजिट्स — २
फ्रॅक_डिजिट्स — २
पी_सीएस_प्रिसीड्स — १
पी_सेप_बाय_स्पेस — १
एन_सीएस_प्रिसीड्स — १
एन_सेप_बाय_स्पेस — १
पी_साइन_पोझ्न — १
एन_साइन_पोझ्न — १

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मॉन_ग्रुपिंगची. पहिला अंक दशांश चिन्हाला लागून असलेल्या गटाचा: तीन अंक, म्हणजे शेकड्यापर्यंत. पुढचा अंक त्याच्या डावीकडच्या गटाचा: दोन. यादी संपली, की शेवटचा आकार पुढे आपोआप चालू राहतो. त्यामुळे ३;२ लिहिलं, की हजार, लाख, कोटी, अब्ज सगळे दोन-दोन अंकांनी पडतात: १२३४५६७८९ चे १२,३४,५६,७८९ होतात. यादीच्या शेवटी उणे एक लिहिलं, तर मात्र पुढचं गटवारीकरण थांबतं. ३;२;-१ दिलं, तर तीच संख्या १२३४,५६,७८९ अशी येईल. छोट्या रकमांत हा फरक दिसतच नाही, कोटींची रक्कम आली की उघडा पडतो. म्हणून चाचणीत किमान एक कोटीची रक्कम हवीच.

इंट_कर_सिंबल चार अक्षरांचा असतो. पहिली तीन अक्षरं आयएसओ ४२१७ मधला चलनाचा कोड, आणि चौथं अक्षर कोड व रकमेमधलं अंतर. चौथी जागा विसरू नका.

चलनचिन्हासाठी ₹ वापरायची इच्छा सगळ्यांनाच होते. भारत सरकारनं हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं, आणि नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापलेल्या नोटांवरही ते आहे. पण आयबीएम-१०४७ हे लॅटिन अक्षरसंचाचं कोड पेज आहे आणि त्यात या चिन्हाला जागाच नाही. चारमॅपमध्ये एखादा रिकामा वाटणारा बाइट पकडून तिथे ₹ बसवणं शक्य दिसतं, पण तसं करू नका. तुमच्या प्रिंटरवर ते दिसेल, पण फाइल दुसऱ्या यंत्रणेकडे गेली की तिथे भलतंच चिन्ह उमटेल. आर-एस ही जोडी जुनी असली, तरी सगळीकडे वाचता येते.

ऋण रकमेचं काय करायचं, हे हिशेब वाचणाऱ्याला विचारून ठरवा. एन_साइन_पोझ्न शून्य ठेवला, तर रक्कम गोल कंसात येते. ताळेबंदात अनेकांना तीच सवय असते. एक ठेवला, तर उणे चिन्ह चलनचिन्हाच्याही आधी येतं. आयबीएमनं पाच ही आणखी एक किंमत दिली आहे. तिच्यामुळे चिन्हाऐवजी डेबिट_साइन आणि क्रेडिट_साइनमध्ये दिलेली अक्षरं वापरली जातात. खतावणीसाठी ही सोय छान आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: डेबिट_साइन धन रकमेला लागतं आणि क्रेडिट_साइन ऋण रकमेला. पतसंस्थेच्या खातेदाराला दाखवायच्या उताऱ्यात जमा रक्कम धन धरलेली असते, तिथे हे नेमकं उलट पडेल. तशा रिपोर्टात पाच वापरू नका.

एलसी_न्यूमेरिक विभागातही ग्रुपिंग ३;२ करा. क्विंटल, पेट्या, पोती यांचे आकडेही लाखांत जातात.

तारीख आणि वार

एलसी_टाइममध्ये डी_एफएमटी ही ओळ शोधा. तिथे अमेरिकन पद्धतीनं महिना आधी असतो. तो बदलून टक्का-छोटा डी, तिरकी रेघ, टक्का-छोटा एम, तिरकी रेघ, टक्का-मोठा वाय असा क्रम करा. मोठा वाय चार अंकी वर्ष देतो, छोटा वाय दोन अंकी. तिरकी रेघ इथे एस्केप चिन्ह आहे, त्यामुळे ती थेट न लिहिता <स्लॅश> या नावानंच लिहा. डी_टी_एफएमटीमध्येही हाच क्रम ठेवा.

वार आणि महिन्यांची नावं मराठी करायची असतील, तर डे, एबीडे, मॉन आणि एबीमॉन या याद्या बदलाव्या लागतील. वारांची यादी रविवारपासून सुरू होते, सोमवारपासून नाही. आयबीएम-१०४७ मध्ये देवनागरी नसल्यानं नावं रोमन अक्षरांत लिहावी लागतील.

संक्षिप्त नावांच्या लांबीकडे लक्ष द्या. जुन्या रिपोर्टांत वारासाठी तीन आणि महिन्यासाठी तीन रकाने राखलेले असतात. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि यांची पहिली तीन रोमन अक्षरं घेतली, तर सात वेगवेगळे तुकडे मिळतात, काही अडत नाही. शुक्र आणि शनि यांत फक्त तिसरं अक्षर वेगळं असतं, तेवढं पुरतं. महिन्यांत मात्र ‘मे’ अडतो, कारण तो रोमनमध्ये दोनच अक्षरांचा होतो. त्याच्यापुढे <स्पेस> टाकून तीन करा. नाहीतर मे महिन्याच्या ओळींत पुढचे सगळे रकाने एक घर डावीकडे सरकतील, आणि ही चूक वर्षातून एकच महिना दिसेल.

एएम_पीएमच्या जागी सकाळ आणि संध्याकाळ लिहायचा मोह आवरा. लोकेलमध्ये दिवसाचे दोनच भाग आहेत. दुपारी दीड वाजताच्या लिलावाला ‘संध्याकाळ’ आणि रात्री साडेबाराच्या बॅच जॉबला ‘सकाळ’ छापून येईल. एएम-पीएम तसंच ठेवा, किंवा टी_एफएमटीमध्ये चोवीस तासांची वेळ द्या. मी नेहमी चोवीस तासांचीच देतो.

टाइम झोन

एलसी_टीओडीमध्ये टाइमझोन_डिफरन्स ही किंमत मिनिटांत लिहायची असते. भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे ३३० मिनिटं. पण इथे पश्चिमेकडचे देश धन आणि पूर्वेकडचे ऋण धरले आहेत. म्हणून -३३० लिहायचं. उणे राहून गेलं, तर वेळ अकरा तासांनी चुकते. टाइमझोन_नेममध्ये आयएसटी द्या. उन्हाळी वेळेचे कीवर्ड पायाच्या फाइलमध्ये असतील, तर ते काढून टाका. भारतात घड्याळं पुढे-मागे होत नाहीत.

टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आधीच सेट असेल, तर त्याचंच ऐकलं जातं आणि लोकेलमधली टाइम झोन बाजूला पडते. क्लायंटचं मशीन शिकागोत असेल, तर तिथल्या प्रोफाइलमध्ये टीझेड बहुधा असतंच. अशा वेळी टीझेडमध्ये आयएसटी-५:३० द्या. तिथेही चिन्ह उणेच.

हो की नाही

एलसी_मेसेजेसमधल्या येसएक्स्पर आणि नोएक्स्पर या ओळींत रेग्युलर एक्स्प्रेशन असतात. ऑपरेटरला ‘हो’ लिहिता यावं म्हणून येसएक्स्परमध्ये वायबरोबर एचही घाला, छोटा-मोठा दोन्ही. नकारात काही बदलावं लागत नाही, ‘नाही’ आणि ‘नो’ दोन्ही एननंच सुरू होतात. प्रोग्राममध्ये आरपीमॅच हे फंक्शन हेच नमुने वापरतं.

या दोन ओळींत चौकटी कंस आणि टोपीचं चिन्ह येतं, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. टाइप करायचेच असतील, तर <लेफ्ट-स्क्वेअर-ब्रॅकेट>, <राइट-स्क्वेअर-ब्रॅकेट> आणि <सर्कमफ्लेक्स> या नावांनी लिहा. आधीच कुणी थेट टाइप केलेले असतील, तर आयएसपीएफच्या आदेशओळीत ‘हेक्स ऑन’ द्या. प्रत्येक अक्षराखाली दोन ओळींत त्याचा बाइट उभा दिसतो. डाव्या कंसाखाली वर ए, खाली डी हवं. बी आणि ए दिसलं, तर तुमचं टर्मिनल ०३७ वर लावलेलं आहे. पडद्यावर कंस अगदी बरोबर दिसत असला, तरी तो चुकीचा आहे.

लोकेल बांधणं

काम शेलमध्ये चालणार असेल, तर लोकेलडेफ हा आदेश वापरा. छोटा एफ या पर्यायापुढे चारमॅपचं नाव आयबीएम-१०४७, छोटा आय या पर्यायापुढे मूळ फाइल आणि शेवटी तयार होणाऱ्या लोकेलचं नाव.

आदेश संपल्यावर एक्झिट कोड बघा. शून्य म्हणजे सगळं ठीक. एक म्हणजे लोकेल तयार झालं, पण इशारे आले. तीनपेक्षा जास्त म्हणजे काहीच तयार झालेलं नाही. इशारे असतानाही फाइल तयार करून घेण्यासाठी छोटा सी हा पर्याय आहे. तो सवयीनं लावू नका. ‘हे नाव चारमॅपमध्ये सापडलं नाही’ यासारखा इशारा तुमच्याच टायपिंगच्या चुकीचा असतो, आणि सी लावला की ती चूक लोकेलमध्ये तशीच बसते.

बॅचमध्ये ईडीसीएलडीईएफ ही तयार प्रोसीजर आहे. तिला तीन गोष्टी द्यायच्या: इनफाइलमध्ये मूळ मेंबर, आउटफाइलमध्ये लोड लायब्ररी आणि मेंबरचं नाव, एलऑप्टमध्ये चारमॅप. आउटफाइलच्या अवतरणातच ‘डिस्प=एसएचआर’ लिहावं लागतं. टीएसओ या मेनफ्रेमच्या आदेश-पडद्यावरूनही लोकलडेफ या नावानं हेच काम होतं. पण मी बॅचचाच आग्रह धरेन, कारण जेसीएल, म्हणजे बॅच जॉबच्या सूचना, जपून ठेवता येतं आणि पुढच्या माणसाला लोकेल कसं बांधलं ते विचारत बसावं लागत नाही.

प्रोग्राम कसा कंपाइल झाला आहे, त्यानुसार लोकेलही वेगळं बांधावं लागतं. एक्सप्लिंक या फंक्शन-जोडणीच्या पद्धतीनं बांधलेल्या प्रोग्रामसाठी मोठा एक्स हा पर्याय, आस्की पद्धतीच्या प्रोग्रामसाठी मोठा ए. चौसष्ट बिटांच्या प्रोग्रामलाही त्याचं स्वतंत्र लोकेल लागतं. मूळ फाइल एकच असते, तयार मॉड्यूल वेगवेगळे. एका प्रोग्रामला लोकेल सापडतं आणि शेजारच्या प्रोग्रामला त्याच नावानं सापडत नाही, अशी तक्रार आली तर पहिली शंका हीच घ्या.

प्रोग्रामला सांगणं

सी प्रोग्राम सुरू होतो तेव्हा तो ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलमध्ये असतो. सेटलोकेल हे फंक्शन बोलावल्याशिवाय तुमच्या लोकेलचा काही उपयोग होत नाही. त्याला एलसी_ऑल आणि लोकेलचं नाव द्यायचं. लोकेल सापडलं नाही, तर ते नल परत देतं आणि प्रोग्राम गुपचूप जुन्याच लोकेलमध्ये चालू राहतो. म्हणून परत आलेली किंमत तपासा, आणि नल आली तर संदेश छापून प्रोग्राम तिथेच थांबवा. चुकीच्या रूपातला रिपोर्ट बाहेर जाण्यापेक्षा तो न गेलेला बरा.

नावाच्या जागी रिकामं अवतरण दिलं, तर नाव एन्व्हायर्नमेंटमधून घेतलं जातं: आधी एलसी_ऑल, ते नसेल तर त्या-त्या विभागाचं व्हेरिएबल, तेही नसेल तर लँग. मला हीच पद्धत पसंत आहे, कारण उद्या नागपूरच्या किंवा बेळगावच्या कचेरीसाठी दुसरं लोकेल आलं, तरी प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागत नाही. बॅचमध्ये हे व्हेरिएबल देण्यासाठी एक्झेक ओळीच्या पार्ममध्ये एन्व्हार हा रनटाइम पर्याय लिहायचा आणि शेवटी तिरकी रेघ द्यायची. रेघेच्या डावीकडचं रनटाइमसाठी, उजवीकडचं प्रोग्रामसाठी. ती विसरली, तर तुमचा एन्व्हार प्रोग्रामच्या आर्ग्युमेंटमध्ये जाऊन पडू शकतो.

मॉड्यूल सापडण्यासाठी बॅचमध्ये तुमची लोड लायब्ररी स्टेपलिबमध्ये (जॉब मॉड्यूल जिथे शोधतो त्या लायब्ररींच्या यादीत) हवी. शेलमध्ये लोकपाथ या व्हेरिएबलमध्ये तुमची डिरेक्टरी द्या, आणि कोलन (:) चिन्हानं जोडून आयबीएमच्या लोकेलची डिरेक्टरीही पुढे ठेवा: यूएसआर, लिब, एनएलएस, लोकेल.

तपासणी

शेलमध्ये एलसी_ऑल सेट करून लोकेल हा आदेश छोट्या के पर्यायासह द्या आणि पुढे मॉन_ग्रुपिंग लिहा. तुमची किंमत दिसली, तर अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं छोट्या चाचणी प्रोग्राममधून करा. स्ट्रफमॉन या फंक्शनला टक्का-छोटा एन हे रूप द्या. छोटा आय दिला, तर आंतरराष्ट्रीय कोड येतो. ० रुपये, ९९९, १०००, ९९,९९९, १,००,०००, ९९,९९,९९९.९९, १,००,००,००० आणि काही ऋण रकमा छापून बघा. लाख, कोटी जिथे बदलतात नेमक्या त्या सीमांवर बघा. प्रत्येक ओळ हातानं लिहिलेल्या अपेक्षित ओळीशी अक्षरागणिक जुळवा. स्ट्रफमॉन रक्कम डबल या प्रकारात घेतं, त्यामुळे बेरीज-वजाबाकी आधी दशमान पद्धतीनं पूर्ण करा आणि फक्त छापताना डबलमध्ये आणा.

तारखेसाठी स्ट्रफटाइम वापरून वर्षाच्या बाराही महिन्यांची एकेक तारीख छापा. मेचा रकाना तिथेच कळेल.

नावांची क्रमवारीही एकदा बघा. ईबीसीडिकमध्ये बाइटच्या क्रमानं छोटी अक्षरं आधी, मग मोठी, आणि अंक सगळ्यात शेवटी येतात. स्ट्रकम्प याच क्रमानं चालतं. त्यामुळे छोट्या डीनं लिहिलेला ‘देशमुख’ मोठ्या एच्या ‘आहेर’च्याही वर जातो. लोकेलचा क्रम हवा असेल, तर तिथे स्ट्रकोल वापरा.

एकाच प्रोग्राममध्ये दोन लोकेल

नाशिकची द्राक्षं नेदरलँड्सला जातात, आणि तिथल्या आयातदाराचं बिल त्यांच्या रीतीनं काढायचं असेल तर दशांशासाठी स्वल्पविराम लागतो. आयबीएमचं एनएल_एनएल.आयबीएम-१०४७ हे लोकेल त्यासाठी तयारच आहे. बिलापुरतं तिकडे जायचं आणि परत यायचं. जाण्याआधी सेटलोकेलला नल देऊन चालू लोकेलचं नाव विचारा आणि ते स्वतःच्या बफरमध्ये कॉपी करून ठेवा. परत मिळालेला पॉइंटर पुढच्या सेटलोकेलनंतर भरवशाचा राहत नाही.

शक्यतो एलसी_मॉनेटरी आणि एलसी_टाइम एवढेच बदला, एलसी_ऑल नको. एलसी_न्यूमेरिक डच झालं, की एटॉफ आणि स्कॅनफही दशांश स्वल्पविराम शोधायला लागतात. त्या काळात ४५.७५ हा दर वाचला, तर वाचन टिंबापाशी थांबतं आणि हातात ४५ येतात. एरर येत नाही, पैसे मात्र जातात. शिवाय सेटलोकेल सगळ्या प्रोसेसवर लागू होतं, म्हणून अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्राममध्ये मध्येच लोकेल बदलू नका. बिल छापण्याचं काम वेगळ्या जॉबमध्ये काढा.

देवनागरीतच हवं असेल तर

ईबीसीडिकमध्ये देवनागरीसाठी आयबीएमचं ११३७ हे कोड पेज आहे. ते वापरायचं असेल, तर आधी तुमच्या साइटवर त्याचा चारमॅप आहे का ते बघा. मग टर्मिनल एम्युलेटरचं होस्ट कोड पेज, प्रिंटर आणि फाइल पुढे नेणारी यंत्रणा या तिन्ही ठिकाणी तेच लावलेलं असायला हवं. एक जरी १०४७ वर राहिलं, तरी मजकूर वाचता येणार नाही. मेनफ्रेममधून आकडे आणि तारखा स्वच्छ बाहेर काढायच्या आणि मराठी मजकूर पुढच्या युनिकोड यंत्रणेत चढवायचा, हा मार्ग मला जास्त टिकाऊ वाटतो.

लोकेल चालू लागलं, की मूळ फाइल, बांधणीचं जेसीएल आणि चाचणीचा अपेक्षित आउटपुट एकाच ठिकाणी सोर्स कंट्रोलमध्ये ठेवा. फाइलच्या माथ्यावर टक्केचिन्हाच्या टिपणीत पायाच्या मेंबरचं नाव आणि बदललेल्या कीवर्डांची यादी लिहा. प्रणालीची नवी आवृत्ती आली, की त्या आवृत्तीतला पायाचा मेंबर नव्यानं घ्या, यादीतले बदल त्यावर पुन्हा चढवा, लोकेल बांधा आणि चाचणीचा आउटपुट जुन्याशी जुळवूनच लोड लायब्ररीतलं मॉड्यूल बदला.